जुनं घर आणि तपासणीला आलेले साहेब

घराकडे बघणारे डोळे किती प्रकारचे असतात! सोयरीक घेऊन आलेले पाहुणे ओसरी बघतात, चोर कडीकोयंडा बघतो, गवंडी भिंतीचा ओळंबा बघतो. आणि विमा कंपनीने पाठवलेला माणूस? तो घर पडलं आहे असं समजूनच बघतो. घर अजून उभं आहे ही त्याच्या लेखी एक तात्पुरती गोष्ट असते!

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या भावकीत हाच विषय चालू आहे. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून झालं, तेव्हा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. लिहायला बसलो आणि गाडी वडनेरहून निघून थेट लंडनला पोचली. ती परत कशी आली ते पुढे येईलच.

आमचं घर वडनेर भोलजीचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बुलडाणा जिल्हा, नांदुरा तालुका, मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना हायवेवर लागणारं गाव. पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता त्याला ५३ म्हणतात. जमीन पूर्णेच्या खोऱ्यातली, काळी. घर पणजोबांनी बांधलं. मधल्या तुळईवर (आमच्याकडे तिला मयाल म्हणतात) शके १८४२ कोरलेलं आहे, म्हणजे १९२० च्या आसपासचं. दगडी जोतं, त्यावर मातीच्या भिंती, सागवानी खांब, कडीपाट आणि वर मातीचं धाबं. १९८० नंतर कधीतरी धाब्यावर टिनपत्रे आले. आता तिथे काका एकटे राहतात. बाकी आम्ही सगळे पुणे, नागपूर आणि त्याच्याही पलीकडे.

मागची खोली आणि धाब्याचा काही भाग नीट करायचा तर कर्ज हवं, कर्ज हवं तर विमा हवा, आणि विमा हवा तर तपासणी! कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचा होता तो फॉर्म. घर किती सालचं? भिंती कशाच्या? छत कशाचं? वायरिंग केव्हाचं? गेल्या दहा वर्षांत काय दुरुस्ती केली? पुन्हा बांधायला किती लागतील? पहिल्यांदा वाचताना चीड आली. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की यातल्या एकेका प्रश्नामागे कुठे ना कुठे काहीतरी जळालेलं किंवा पडलेलं आहे.

'भिंती कशाच्या' हा प्रश्न लंडनच्या आगीतून आला. सप्टेंबर १६६६ मध्ये चार दिवस ते शहर जळत होतं आणि सुमारे १३ हजार घरं गेली. त्यानंतर चौदाएक वर्षांनी निकोलस बार्बन नावाच्या खटपट्या माणसाने घरांच्या आगीचा विमा विकायला काढला. त्याचा दर साधा होता. विटांचं घर असेल तर वर्षाच्या भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी असेल तर पाच. बस्स! आजही जगभरातल्या फॉर्मांवर जो 'बांधकामाचा प्रकार' असतो, त्याचं मूळ या दुप्पट दरात आहे. अर्थात दर दोन ठेवले की कोणीतरी जाऊन घर बघणं आलंच. मालकाच्या तोंडी तर प्रत्येक घर विटांचंच असणार!

पुढे १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि मंडळींनी फिलाडेल्फियात विम्याची परस्पर संस्था काढली, तेव्हा पाहणी हा तिथला नियमच झाला. भिंतीची जाडी, जिना, छत हे सगळं लिहून घ्यायचं आणि मगच दर ठरवायचा. १७८१ मध्ये याच संस्थेने ठरवलं की घरासमोर झाड असेल तर विमा नाही, कारण आग विझवायला अडचण होते. झाडं प्रिय असलेले लोक चिडले आणि त्यांनी १७८४ मध्ये आपली वेगळी कंपनी काढली. तिचं चिन्हच हिरवं झाड! आमच्या काकांना हा किस्सा फार आवडला. अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत म्हणाले, "पाय बाप्पा, त्याईच्याकडे बी आपल्यासारखेच लोक होते."

त्याच देशात १८६७ पासून सॅनबर्न कंपनीने विम्यासाठी शहरांचे नकाशे काढले. त्यात विटांचं घर गुलाबी, लाकडी घर पिवळं, दगडी घर निळं. कंपनीचा माणूस टेबलावर बसून सांगू शकायचा की कुठली गल्ली जोखमीची. आज ते नकाशे इतिहासाचे अभ्यासक डोक्यावर घेतात, कारण पाडलेल्या घरांची दुसरी नोंदच उरलेली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाची आहे.

आपल्याकडे काय होतं? घरांवर नजर ठेवणं आपल्यालाही नवीन नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्याची कामं सांगितली आहेत, त्यात आगीचे नियम आहेत. उन्हाळ्यात भर दुपारी चूल पेटवायची नाही, घरात पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड, आकडा तयार ठेवायचा, शेजारी आग लागली आणि धावून गेला नाहीत तर दंड. म्हणजे तपासणी होती, दंड होता, फक्त नुकसानभरपाई नव्हती! :-)

आगी तर लागतच होत्या. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात मोठी आग लागली, गावाचा मोठा भाग खाक झाला आणि त्यानंतर कोटाबाहेरची वस्ती झपाट्याने वाढली. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला. खालचा दगड राहिला, वरचं लाकूड गेलं. लंडनच्या आगीतून विमा जन्मला, आपल्या आगींतून मात्र नवी पेठ किंवा नुसता चौथरा उरला. विमा आपल्याकडे आला तो व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतून. १८५० मध्ये कलकत्त्यात ट्रायटन ही कंपनी निघाली, ती या देशातली पहिली सर्वसाधारण विमा कंपनी मानली जाते.

आणि वऱ्हाडात? १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत मलकापूर, नांदुरा करत रेल्वे नागपूरला पोचली. तिकडे अमेरिकेत यादवी (१८६१ ते ६५) चालू होती आणि इकडे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये जलंबहून खामगावला खास कापसासाठी फाटा निघाला. त्या काळात या भागात विमा उतरवायचा तो गाठींचा, जिनाचा, प्रेसचा. कापूस पिकवणाऱ्याच्या घराचा विमा उतरवावा असं कोणाच्या मनातही आलं नसेल. आमच्या पणजोबांनी ज्या कापसाच्या पैशातून घर बांधलं, त्या कापसाला कागदाचं संरक्षण होतं, घराला नव्हतं. घराला भावकी होती. धाबं पडलं तर गावातले लोक येऊन मयाल उचलत. तोच विमा!

बरं, कागद असला म्हणजे सगळं मिळतं असंही नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजात दारूगोळा होता आणि त्याच्या जोडीला कापसाच्या गाठी. गोदीच्या आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. लोक आपापल्या आगीच्या पॉलिशा घेऊन गेले, तर स्फोटाचं नुकसान त्यात बसत नव्हतं. शेवटी सरकारला भरपाईचा भार घ्यावा लागला. 'कशामुळे नुकसान झालं' या रकान्याचं वजन त्या वर्षी मुंबईकरांना कळलं.

१९७३ च्या सुरुवातीला सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्थांच्या चार कंपन्या झाल्या. आगीच्या विम्याचे दर आणि शब्द देशभर एकच असत. दर २००७ पासून मोकळे झाले, पण शब्द बरेचसे तेच राहिले. त्यातलाच एक शब्द आमच्या ओसरीवर येऊन बसला: 'कच्चं बांधकाम'. त्याची व्याख्या साधारण अशी: भिंती किंवा छत लाकडी फळ्या, गवत, पाला, बांबू, ताडपत्री, कापड आणि तत्सम गोष्टींचं असेल तर ते कच्चं.

आता गंमत बघा. या यादीत मातीची भिंत नाही! पण लाकडी फळ्यांचं छत आहे. म्हणजे आमची दोन फूट जाडीची भिंत, जिला ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मातीचं घर म्हणून खालचा वर्ग मिळतो, ती इथे निभावते. आणि ज्या सागवानी कडीपाटाकडे बघून फर्निचरवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, तोच अडचणीचा! साहेब तरुण होते, अकोल्याकडचे. मान वर करून बराच वेळ छताकडे बघत राहिले. म्हणाले, "काका, हे फळ्यांचं छत म्हणू की मातीचं?" काका म्हणाले, "साहेब, खालून पाह्यलं तं लाकडाचं, वरून पाह्यलं तं मातीचं अन् पाऊस आला तं टिनाचं. तुमाले जे परवडते ते लिवा."

साहेब हसले, पण मला त्यांची अडचण समजली. किल्लारीनंतर मातीच्या छताकडे कोणीही इंजिनीअर निवांतपणे बघू शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं गेली, ती मुख्यतः अशाच घरांत. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावर वर्षानुवर्षं थरावर थर देऊन जड झालेलं धाबं. दरवर्षी पावसाआधी वर पांढरी माती टाकायची, जुनी मात्र कोणी काढायचं नाही. काही ठिकाणी भिंती कोसळल्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता म्हणून छत तरलं. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि बाकी हजारो घरांच्या मजबुतीचं काम झालं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड घाला, छताचं वजन कमी करा, कोपरे बांधा, हे सल्ले तेव्हापासून गावोगाव पोचले. साहेबांनी आमच्या धाब्यात गज खुपसून मातीची जाडी मोजली. दीड फूट निघाली. "अर्धी माती काढा, निम्मी जोखीम इथेच कमी होईल," म्हणाले. विम्याचं सोडा, हा सल्ला लाखमोलाचा होता.

मग भेगा. काळ्या जमिनीवरचं घर आणि भेग नाही असं होतच नाही. ही जमीन पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर श्वास घेतं. साहेबांनी उत्तरेच्या भिंतीतल्या भेगेचा फोटो काढला आणि वहीत काहीतरी लिहू लागले. काका शांतपणे उठले आणि भेगेशेजारी पेन्सिलीने केलेल्या खुणा दाखवल्या. प्रत्येक खुणेशी महिना आणि साल. "वैशाखात बोट जाते, श्रावणात पोस्टकार्ड बी जात नाही. तीस साल झाले, तेवढीच हाय." साहेबांनी लिहिणं थांबवलं. भेगेवर प्लास्टरचा पट्टा मारून तारीख टाकायची आणि पट्टा तुटतो का ते बघायचं, हे इंजिनीअर लोक करतातच. काकांनी तेच काम पेन्सिलीने केलं होतं. वाढणारी भेग वेगळी आणि ऋतूबरोबर उघडझाप करणारी वेगळी, आणि हा फरक सांगायला तीस वर्षांच्या नोंदीसारखा पुरावा नाही. ज्यांची घरं पूर्णाथडीला आहेत त्यांनी आजपासून पेन्सिल हातात घ्यावी, ही विनंती.

वायरिंगवर मात्र आम्ही सपशेल नापास. लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या वायरी, त्यावर पुढे जोडलेला कूलर, त्यावर फ्रिज. हे दुखणं आपलंच नाही. न्यू जर्सीतल्या आतेबहिणीने शंभर वर्षांचं घर घेतलं, तर तिथेही विम्यासाठी पहिला प्रश्न हाच: चिनी मातीच्या गुंड्यांवरून गेलेल्या जुन्या तारा भिंतीत अजून जिवंत आहेत का? तिकडे फ्लोरिडात तर जुन्या घरासाठी चार गोष्टींची ठरावीक तपासणी असते: छत, वीज, नळ आणि घर गार-गरम करणारी यंत्रणा. १९९२ च्या अँड्र्यू वादळात तिथल्या कित्येक विमा कंपन्या बुडाल्या, आणि राहिलेल्या कंपन्या घरांच्या बाबतीत फार काटेकोर झाल्या.

भावकीत एकाने सुचवलं होतं की साहेब यायच्या आधी भेगा लिंपून टाका, वर चुना मारा, घर १९७० चं सांगा. इथे पुन्हा जुनी गोष्ट उपयोगी पडली. १७६६ चा लंडनमधला खटला, कार्टर विरुद्ध बोहम. सुमात्रा बेटावर फोर्ट मार्लबरो नावाचं इंग्रजांचं ठाणं होतं. तिथल्या गव्हर्नरने, शत्रूने ते घेतलं तर पैसे मिळावेत म्हणून विमा काढला. फ्रेंचांनी ते खरंच घेतलं! विमा देणारा म्हणाला, ठाणं कमकुवत आहे हे तुम्ही लपवलं. न्यायमूर्ती मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व सांगितलं ते आजही चालतं: जी गोष्ट एकालाच ठाऊक आहे ती त्याने सांगितलीच पाहिजे. पण जी दुसऱ्याला ठाऊक आहे, किंवा सहज कळू शकते, ती सांगितली नाही म्हणून नंतर कांगावा करता येत नाही. निकाल गव्हर्नरच्या बाजूने लागला.

मी हे काकांना सांगितलं. म्हटलं, लपवलेली भेग उद्या आपल्यावर उलटेल, दाखवलेली भेग आपली साक्षीदार होईल. साहेबांनी डोळ्यांनी बघून, फोटो काढून अहवाल दिला आणि त्यावर पॉलिसी निघाली, तर आपली बाजू बरीच भक्कम होते. तपासणीची भीती वाटते ती याच कारणाने कमी व्हायला हवी. तपासणी ही आपलीही साक्ष असते.

दुसरी तपासणी आपल्या गावांना जास्त ओळखीची आहे. ती घर पडल्यावर होते. जुलै २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पाण्याने हाहाकार केला, तेव्हा तलाठी आणि ग्रामसेवक घरोघर पंचनामे करत फिरले. तिथेही पक्कं की कच्चं, पूर्ण पडलं की अंशतः हेच रकाने. अंशतः पडझडीत मदत मिळायला निदान १५ टक्के नुकसान लागतं. पडलेल्या मातीच्या ढिगाकडे बघून १४ की १५ हे सांगणारा माणूस मोठाच म्हणायचा! पडायच्या आधीची एक नोंद हाताशी असेल तर तिथेही बोलायला आधार मिळतो.

आता पैशांचं. पूर्वीच्या पॉलिशीत एक खोच असे. घर पुन्हा बांधायला २० लाख लागत असतील आणि तुम्ही विमा १० लाखांचाच काढला असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीचे २ लाखच मिळत. अर्धा विमा, अर्धी भरपाई. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी पॉलिसी आली, त्यात राहत्या घराला ही काटछाट नाही. घराची रक्कम चटई क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा आजचा दर अशी धरतात, आणि आतल्या सामानाला त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत आपोआप संरक्षण असतं. पण वाळवी आणि वयोमानाची झीज कुठल्याच आगीच्या पॉलिशीत बसत नाही, हे सागवानी घरवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

आणि 'आजचा दर' म्हणजे विटा-सिमेंटचा दर. कोरलेला मयाल, भिंतीतलं बळद, ओसरीवरची बंगई टांगायच्या कड्या यांना दर नाही. घर जळलं तर कंपनी घर देईल, हे घर देणार नाही. आमच्यातल्या अर्ध्या लोकांचं म्हणणं होतं की मग पाडूनच टाकू या आणि स्लॅब टाकू. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दीड फूट मातीखाली एकटे काका झोपतात, हे तपासणीनंतर कोणालाच विसरता येईना.

अहवाल महिन्याभराने आला. पुढचं घर जरा जास्त हप्त्यावर मान्य. मागची खोली दुरुस्त होईपर्यंत वगळलेली. वायरिंग तीन महिन्यांत बदलायचं. वरची माती कमी करायची. पत्रास जोडून आठ पानं: प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, खांब किती, कुठल्या लाकडाचे, फोटोसकट. शंभर वर्षांत या घराचं मोजमाप कोणी केलं नव्हतं. नमुना ८ वर नुसती एक ओळ आहे. मला सॅनबर्नचे ते गुलाबी-पिवळे नकाशे आठवले. घर पडेल का हे बघायला आलेल्या माणसाने त्याचा पहिला इतिहास लिहून दिला!

ती आठ पानं मी सगळ्यांना पाठवली. दोन दिवस ग्रूपवर कोणी काही बोललं नाही. मग पाडा म्हणणाऱ्यांतल्याच एका चुलतभावाने विचारलं, "वायरिंगला अंदाजे किती लागतील?"

वायरिंग दिवाळीत झालं. माती काढायचं काम होळीनंतर, कापूस घरात आल्यावर मजूर मिळतील तेव्हा. काकांनी वर एक अट घातली आहे: काढलेली पांढरी माती फेकायची नाही, परसात ढीग लावायचा. ज्यांना यायचं त्यांनी घमेली उचलायच्या तयारीनं यावं. जेवण काकूंच्या जुन्या पद्धतीचं असेल, म्हणजे भाकर-ठेचा. कोण कोण येतंय ते कळवा.